ऑटिस्टिक मूल समुपदेशनाला येतं तेव्हा: इंदूरच्या नव्या समुपदेशकांसाठी

तुमच्याकडे येणारं पहिलं ऑटिस्टिक मूल बहुधा ऑटिझमसाठी (स्वमग्नतेसाठी) येणार नाही. शाळेत जायला तयार नाही, रात्री झोपत नाही, धाकट्या बहिणीला मारतो, दहावीच्या वर्षी अचानक जेवणच सोडलं, अशा कारणांनी ते येईल. निदानाचा कागद कधी फाईलमध्ये असतो, कधी नसतो. मुलींच्या बाबतीत पुष्कळदा नसतोच. 'लाजाळू', 'हट्टी', 'हुशार आहे पण विचित्र आहे' असं ऐकत मुलगी बारा-चौदा वर्षांची होते, आणि मग एक दिवस तिचं सगळंच थांबतं.

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग या भागांतल्या मराठी घरांतली मुलं ज्यांच्याकडे येणार आहेत, त्या नव्या समुपदेशकांसाठी मी हे लिहिते आहे. आपण एम.ए.ला जी तंत्रं शिकलो, ती ज्याला समोर बसून, डोळ्यांत पाहून, मनात काय चाललंय ते शब्दांत सांगता येतं अशा माणसासाठी बेतलेली आहेत. ऑटिस्टिक मूल तसं करत नाही आणि मग 'थेरपीला प्रतिसाद नाही' असा शेरा त्याच्या फाईलवर पडतो. माझं म्हणणं असं आहे की बदल आधी आपल्या खोलीत करावा, मग आपल्या बोलण्यात, मग आपल्या ध्येयात. मुलाने काय बदलायचं हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोही त्याच्याबरोबर बसून सोडवायचा.

पहिली पायरी: फोनवरची चौकशी

आई-बाबांना 'प्रॉब्लेम काय आहे?' असं विचारलंत तर तक्रारींची यादी मिळेल. त्यापेक्षा कालचा दिवस विचारा. किती वाजता उठला, कुणी उठवलं, दात घासताना काय झालं, डब्यात काय नेलं, डबा तसाच परत आला का, शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास कसा गेला. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. दिवसभर शाळेत 'एकदम चांगला' असणारा मुलगा घराच्या दारात दप्तर फेकून ओरडत असेल, तर घरी लाड होतात म्हणून तो बिघडला असा अर्थ लावायची घाई करू नका. सहा-सात तास त्याने स्वतःला आवरून धरलेलं असतं आणि घर ही एकच जागा अशी असते जिथे ते सोडून देता येतं.

फोनवरच शरीराचीही चौकशी करा: झोप, शौच, दात, कान, फिट. बद्धकोष्ठता, झोपेच्या तक्रारी आणि अपस्मार ऑटिस्टिक मुलांत इतरांपेक्षा जास्त दिसतात. वागणं अचानक बदललं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. ज्याला दुखणं सांगता येत नाही ते मूल डोकं आपटून सांगतं, आणि किडलेल्या दाढेवर वर्तनाचे तक्ते भरत बसणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

निदान करण्याची पात्रता तुमच्याकडे नसेल तर शंका आली तरी लेबल देऊ नका. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे पाठवा. मात्र पाठवलंत म्हणून तुमचं काम थांबत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी निदानाची वाट न पाहता सुरू करता येतात, आणि निदान वेगळं निघालं तरी त्यांनी कुणाचं नुकसान होत नाही.

दुसरी पायरी: भेटीच्या आधीचे फोटो

अनोळखी जागा हाच या मुलांचा निम्मा ताण असतो. पहिल्या भेटीच्या दोन-तीन दिवस आधी आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा: इमारतीचं फाटक, जिना किंवा लिफ्ट, चपला काढायची जागा, तुमची खोली, ते बसेल ती जागा, बाथरूम, आणि तुमचा स्वतःचा, रोजच्या कपड्यांतला. खाली चार ओळी लिहा. 'तू आईबरोबर येशील. आई खोलीतच बसेल. मी तुला काही वस्तू दाखवीन. बोलायचं नसेल तर चालेल. घड्याळात पाच वाजले की तू घरी जाशील.' यातला प्रत्येक शब्द खरा ठरला पाहिजे. पाच म्हटलंत तर पाच.

वेळ ठरवताना आजूबाजूचे आवाज लक्षात घ्या. आपल्या शहरात सकाळी कचरागाडी लाउडस्पीकरवर गाणं लावून गल्लीगल्लीतून फिरते. बहुतेकांना आता ते ऐकूही येत नाही, पण काही मुलांची सकाळ त्या गाण्याच्या भीतीने सुरू होते. तुमच्या गल्लीत गाडी कधी येते, शेजारी कोचिंग क्लास कधी सुटतो, खालच्या दुकानाचं शटर कधी पडतं, हे माहीत करून घ्या. शक्य असेल तर त्या मुलाला आठवड्याचा तोच वार आणि तीच वेळ द्या.

तिसरी पायरी: खोली

संवेदनांची अतितीव्रता किंवा मंदता हा ऑटिझमच्या निकषांचा भाग २०१३ मध्ये डीएसएम-५ ही मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली आल्यावर झाला. ऑटिस्टिक माणसं ते आधीपासून सांगत होतीच. म्हणून खोलीत एकदा एकटं बसून पाहा आणि ऐका. जुनी ट्यूबलाइट लुकलुकते का? पंखा करकरतो का? सकाळी लावलेल्या उदबत्तीचा वास अजून आहे का? तुम्ही अत्तर लावलंय का? भिंतीवर किती तक्ते, किती रंग? निम्मे काढून टाका.

समोरासमोर दोन खुर्च्या हा थेरपीचा ठरलेला नेपथ्य-नियम इथे मोडा. शेजारी बसा, दोघांनी मिळून एकाच कागदाकडे, एकाच खेळण्याकडे पाहता येईल असं. सतरंजीवर बसणं, उभं राहणं, फेऱ्या मारणं, टेबलाखाली जाणं, सगळ्याला परवानगी असू द्या. हात हलवणं, डुलणं, तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं यांनी मूल स्वतःला सावरतं. ते थांबवायला सांगितलंत तर त्याचं सगळं लक्ष थांबण्यात जाईल आणि तुमच्यासाठी काही उरणार नाही. 'माझ्याकडे बघ' हे वाक्य तर विसरूनच जा. अनेकांना एकाच वेळी डोळ्यांत पाहणं आणि ऐकणं जमत नाही. ते खिडकीकडे पाहतात तेव्हा तुमचं सर्वांत नीट ऐकत असू शकतात.

चौथी पायरी: आपलं बोलणं

'मग, कसं वाटतंय?' याइतका अवघड प्रश्न दुसरा नाही. कधी? कशाबद्दल? किती उत्तरं चालतील? त्याऐवजी विचारा, 'आज बसमध्ये खिडकीची जागा मिळाली का?' किंवा तीन चिठ्ठ्या ठेवा: आवाज, गर्दी, माणसं. 'यातलं शाळेत सगळ्यात वाईट कोणतं?' बोट ठेवलं तरी उत्तर मिळालं. चौथी कोरी चिठ्ठीही ठेवा, म्हणजे 'यातलं काहीच नाही' असं सांगायला जागा राहते.

प्रश्न विचारला की थांबा. मनात दहापर्यंत मोजा. नव्या समुपदेशकाला ती शांतता सहन होत नाही, तो तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आपण वाक्प्रचारांत किती बोलतो याचं भान ठेवा. 'डोकं खाऊ नकोस', 'जिभेला हाड नाही', 'तोंड पाडून का बसलास' यातलं काहीही जसंच्या तसं घेतलं जाऊ शकतं. 'नंतर करू', 'बघू', 'जरा वेळाने' हेही टाळा. केव्हा ते सांगा. सूचना एका वेळी एक, आणि काय करू नये यापेक्षा काय करावं ते सांगणारी. महत्त्वाचं सगळं कागदावर उतरवा: आज काय करणार आहोत याची तीन-चार कामांची पट्टी, झालं की खूण. वाचता येणाऱ्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या किशोरालाही हे लागतं. तो अस्खलित बोलतो म्हणून ऐकलेलं सगळं त्याला धरून ठेवता येतं असं समजू नका.

आता भाषेबद्दल, कारण हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात येतो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला हिंदी, आणि यूट्यूबवरून आणखी काही. 'एकच भाषा बोला, मूल गोंधळतं' असा सल्ला पालकांना सर्रास मिळतो आणि आजी-आजोबांची मराठी घरातून हद्दपार होते. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. आजीने मराठीतच बोलावं. तुम्ही मात्र मुलाला विचारा किंवा पाहून ठेवा, की घाबरल्यावर त्याच्या तोंडून कोणती भाषा येते आणि आवडीच्या विषयावर तो कोणत्या भाषेत बोलतो. भेटीत त्या दोन्ही चालू द्या. 'मला घबराहट होते' असं म्हणणाऱ्या इंदुरी मुलाची मराठी दुरुस्त करायला तुम्ही बसलेला नाही.

न बोलणाऱ्या किंवा थोडंच बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रकार्डं, टायपिंग, हातवारे, अ‍ॅप, जे चालेल ते पहिल्या दिवसापासून. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचं अ‍ॅप मोफत मिळतं. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती पालकांना हमखास असते. तसं होत नाही. काही सांगायचं साधन हातात आलं की पुष्कळ मुलांचा आरडाओरडाच कमी होतो. आणि एखादा मुलगा कार्टूनमधलं वाक्य वारंवार म्हणत असेल, तर ते वाक्य मूळ गोष्टीत कुठल्या प्रसंगी येतं ते शोधा. बहुतेक वेळा तो आत्ताचा प्रसंगच सांगत असतो.

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश संशोधकाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दुतर्फा असतं: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तितकंच इतरांनाही तो कळत नाही. या पायरीवरचं सगळं काम त्यातल्या आपल्या बाजूचं आहे.

पाचवी पायरी: भावना शरीरातून शोधा

अनेक ऑटिस्टिक मुलांना आतून येणारे इशारे नीट ओळखू येत नाहीत. भूक, लघवी, राग, भीती यांची सरमिसळ होते. रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवून उपयोग नाही. चेहरे वाचणं हीच तर त्यांची अडचण. शरीराची बाह्यरेषा काढा आणि विचारा, गणिताच्या तासाला हात कसे होते? गरम, थंड, घट्ट, ओले? पोट? जबडा? काही आठवड्यांत एक नकाशा तयार होतो: 'कान गरम, मुठी घट्ट' म्हणजे दहा मिनिटांत स्फोट. त्याला 'राग' म्हणायचं की 'पिवळा सिग्नल', ते मुलाला ठरवू द्या.

एक ते पाचची पट्टी करायची असेल तर प्रत्येक आकड्याला त्याचाच प्रसंग जोडा. एक म्हणजे दुपारी गच्चीवर एकटं बसणं, तीन म्हणजे प्रार्थनेची रांग, पाच म्हणजे लग्नातला बँड. प्रसंग जोडला नाही तर 'तीन' हा नुसता आकडा राहतो.

सहावी पायरी: भीती आणि यातना वेगळ्या करा

माझ्या मते नव्या समुपदेशकाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. चिंतेवरच्या उपचारात आपण भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवतो. कुत्र्याची भीती, लिफ्टची भीती, वर्गात उत्तर देण्याची भीती, यांत ते चालतं. पण ढोल-ताशाजवळ कानांवर हात दाबून किंचाळणाऱ्या मुलाला तो आवाज खरोखर दुखत असतो. काहीतरी वाईट होईल असं वाटून तो ओरडत नाही, वाईट त्या क्षणी होतच असतं. रोज थोडा थोडा ढोल ऐकवून हे दुखणं जात नाही. मुलाला एवढंच कळतं की मला दुखतंय हे मोठ्यांना पटत नाही.

वेगळं कसं करायचं? विचारा किंवा पाहा: आवाज बंद झाल्यावर मूल लगेच सावरतं का? आवाजाची सूत्रं स्वतःच्या हातात असली, स्वतः ढोल वाजवला तर चालतं का? नुसता विचार, नुसतं चित्र पाहूनही घाबरतं का? चित्राने, आठवणीने घाबरत असेल तर वर भीतीचाही थर बसलेला आहे आणि त्या थरावर काम करता येईल. खालच्या दुखण्याला मात्र कानावर बसणारे इअरमफ, अंतर आणि निघून जाण्याचा हक्क हेच उपाय.

इंदूरमध्ये याची परीक्षा वर्षातून दोनदा तरी होते: अनंत चतुर्दशीला रात्रभर निघणाऱ्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) आणि रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक). घरच्यांना मुलाला न्यायचं असतं, आणि ती इच्छा काही वाईट नाही. आजोबांनी बाबांना खांद्यावर बसवून झांक्या दाखवल्या, तसं बाबांना मुलाला दाखवायचं असतं. म्हणून 'नेऊ नका' असा एका शब्दाचा सल्ला देऊन मोकळे होऊ नका. मिरवणुकीच्या मार्गापासून दूर, ओळखीच्या कुणाची गच्ची मिळते का पाहा. झांकी रस्त्यावर येण्याआधी ती तयार होत असते तिथे दिवसा, शांततेत जाता येईल का? इअरमफची सवय आधी घरी लावा. निघायची खूण ठरवा आणि ती दिसली की कुणीही 'अजून पाच मिनिटं' म्हणायचं नाही, हे मोठ्यांकडून कबूल करून घ्या. रंगाचा ओला स्पर्श असह्य असेल तर घरच्या अंगणात, कोरड्या गुलालाचा, तोही स्वतःच्या हाताने लावलेला टिळा हीच त्याची रंगपंचमी. आणि मुलाला घरीच थांबायचं असेल तर एक मोठं माणूस खुशीने त्याच्याबरोबर थांबेल, हेही आधी ठरवा.

सातवी पायरी: सीबीटी कशी वळवायची

ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यसेवेसाठी सूचना देणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिस्टिक मुलांच्या चिंतेसाठी कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याची पद्धत, सुचवलेली आहे, मात्र बदल करून: भावना ओळखण्याची आधी तयारी, लेखी आणि चित्रांचा जास्त वापर, ठोस आणि आखीव काम, पर्याय देणारे कागद, आई किंवा बाबांचा सहभाग, मध्ये मध्ये विश्रांती आणि मुलाच्या खास आवडीचा उपयोग. तासाभराच्या भेटीपेक्षा अर्धा-पाऊण तास बरा, आणि एकूण भेटी पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा जास्त लागतील असं धरून चाला.

आवडीचा उपयोग म्हणजे 'काम केलंस तर शेवटी पाच मिनिटं रेल्वेचा व्हिडिओ' असा सौदा नव्हे. आवड कामाच्या आतच आणायची. समजा, तेरा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला मीटरगेज रेल्वे तोंडपाठ आहे. महूच्या पुढे पातालपाणी ते काळाकुंड हा घाट, दर चाळीस फुटांना एक फूट उतार, आणि उतरण्याआधी पातालपाणीला ब्रेक तपासायला गाडी थांबायची, तिथेच टंट्या भिल्ल या आदिवासी वीराचं देऊळ आहे, हे तोच तुम्हाला सांगेल. मग त्याची शाळेची सकाळ त्या घाटावर काढा. उतार कुठे सुरू होतो? रिक्षात बसताना की फाटक दिसल्यावर? ब्रेक कुठे तपासायचा? त्या थांब्यावर काय करायचं, पाणी प्यायचं, भिंतीला हात रेटायचे, की दोन मिनिटं मागच्या अंगणात उभं राहायचं? 'डीप ब्रीदिंग' ज्याने दहादा नाकारलं, तो मुलगा ब्रेक-तपासणी मन लावून करतो, कारण ती त्याच्या जगातली गोष्ट आहे.

विचार तपासण्याच्या भागात एक धोका आहे. 'सगळे मला हसतात' हा विचार कागदावर आला की आपण पुरावे शोधायला लागतो आणि तो अतिरेकी ठरवतो. ऑटिस्टिक मुलांची वर्गात खरोखर चेष्टा होते, डबा लपवला जातो, बोलण्याच्या नकला होतात. विचाराला हात लावण्याआधी वस्तुस्थिती शोधा, आणि तो खरा निघाला तर शाळेशी बोला. त्या मुलाला विचार बदलायला सांगणं म्हणजे त्याच्या शत्रूंची बाजू घेणं.

आवरेनासं झालं तर

स्फोट होईल तेव्हा बोलणं थांबवा. दिवा मंद करा, माणसं बाहेर काढा, आपटेल अशी वस्तू हलवा, जवळ पण हाताच्या अंतरावर बसा. स्पर्श मुलाला चालतो हे आधीच ठाऊक असेल तरच. समजावणं, विचारणं, अट घालणं, सगळं नंतर; तेही त्याच दिवशी नाही. काही मुलं ओरडत नाहीत, गोठतात: डोळे स्थिर, शब्द बंद. तेही तेवढंच गंभीर धरा.

आठवी पायरी: घरातली माणसं

आई बहुतेक वेळा अपराधी भाव घेऊन येते. सासरी कुणी म्हणालेलं असतं मोबाईल दिला म्हणून झालं, कुणी म्हणालेलं असतं नोकरी केली म्हणून. आईच्या थंडपणामुळे मूल ऑटिस्टिक होतं हा गेल्या शतकाच्या मध्यातला सिद्धान्त केव्हाच खोटा ठरला आहे. ऑटिझमचा पाया मुख्यतः आनुवंशिक आहे. लशीचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. हे आईला एकटीला सांगू नका. आजी, बाबा, काका जे कुणी दोष देत असतील ते खोलीत असताना, पूर्ण आदराने सांगा. डॉक्टर-मॅडम किंवा सर यांनी सगळ्यांसमोर म्हटल्याने घरात पुष्कळ फरक पडतो.

आजीला बाजूला ठेवू नका. 'मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही असेच होते' हे वाक्य तिच्याकडूनच येतं, आणि त्यातला दुसरा भाग बहुधा खराही असतो! तिला तिचं असं एक काम द्या: रोज संध्याकाळी तीच गोष्ट, त्याच शब्दांत. या मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला आवडते आणि त्यासाठी आजीइतका धीर कुणाकडे नसतो. पाहुण्यांच्या पाया पडणं, 'काकांना नाव सांग' यांची सक्ती थांबवायची असेल तर पर्यायही द्या. लांबून हात जोडले तरी नमस्कारच झाला.

'पूर्ण बरा करतो' असं सांगणाऱ्यांपासून पालकांना सावध करा. स्टेम सेल (मूलपेशी) उपचाराच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही. हे ठामपणे सांगा, पण ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांना शरमवू नका.

किशोरवयीन मुलं

बारा-तेरानंतर काम बदलतं. पहिलं म्हणजे खासगीपण. भेटीचा काही भाग आई-बाबांविना ठेवा आणि काय गुप्त राहील, काय नाही ते लिहून द्या. 'तू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असशील, किंवा कुणी तुझ्या शरीराशी चुकीचं वागत असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल.' लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. शरीरातले बदल, पाळी, हस्तमैथुन, संमती, यांबद्दल स्पष्ट शब्दांत आणि चित्रांसह बोला. 'आपोआप कळेल' असं इथे होत नाही, आणि आडवळणाने सांगितलेलं तर मुळीच कळत नाही. आज्ञाधारक व्हायला शिकवलेल्या मुलाला 'नाही' म्हणायला शिकवणं हे सुरक्षेचं पहिलं काम आहे.

दुसरं, निदान त्याला स्वतःला माहीत आहे का? घरच्यांनी लपवलं असेल तर मुलाने बहुतेक वेळा 'माझ्यातच काहीतरी खराब आहे' असं ठरवून टाकलेलं असतं. कधी, कुणी, कोणत्या शब्दांत सांगायचं ते पालकांबरोबर आखा, पण अनंतकाळ पुढे ढकलू नका.

तिसरं, जीव देण्याचे विचार. ऑटिस्टिक किशोरांत ते इतरांपेक्षा जास्त आढळतात आणि चेहऱ्यावर दिसतीलच असं नाही. सपाट आवाजात, हसतही सांगितलं जाऊ शकतं. म्हणून सरळ विचारा: 'मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं याचा विचार केला आहेस का?' उत्तर हो असेल तर त्याच दिवशी पालक आणि मनोविकारतज्ज्ञ. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो मुलाच्या आणि आईच्या फोनमध्ये तुमच्यासमोर भरून घ्या.

आणि जी मुलगी शाळेत सगळ्यांची नक्कल करून, हसायच्या वेळी हसून 'नॉर्मल' दिसते आणि घरी आल्यावर अंधारात पडून राहते, तिला आणखी सामाजिक कौशल्यं शिकवू नका. तिला विश्रांती हवी आहे, आणि असं एक तरी माणूस, ज्याच्यासमोर नक्कल करावी लागत नाही.

शाळा आणि कागद

थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी इसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनपद्धती वापरली जाते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमा देते आणि तिच्यात नियमित थेरपीचाही खर्च बसतो. सीबीएसईच्या तीन तासांच्या पेपराला एक तास जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, मात्र अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत करावा लागतो, म्हणून नववीतच विषय काढा. अठरा पूर्ण झाल्यावर ज्यांना पालकत्वाची गरज आहे त्यांच्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. शाळेला लिहाल ते पत्र एका पानाचं आणि मागण्यांचं असू द्या: बसायची जागा, प्रार्थनेतून सूट, शांत कोपरा, सूचना फळ्यावर लिहिणं. निदानाचं वर्णन शिक्षक वाचत नाहीत, काय करायचं ते वाचतात.

नववी पायरी: ध्येय आणि निरोप

घरचे म्हणतील, 'हात हलवणं बंद व्हावं, डोळ्यांत बघून बोलावं, चारचौघांसारखा वागावा.' प्रत्येक ध्येयाला एकच प्रश्न विचारा: हे झालं तर मुलाचा दिवस सोपा होईल, की बघणाऱ्यांचा? दुसरं असेल तर पालकांशी त्यावर बोला, मुलावर काम करू नका. चांगली ध्येयं साधी असतात: 'मला ब्रेक हवा' हे कार्ड दाखवता येणं, आठवड्यातले जास्त दिवस डबा संपणं, पोट दुखतंय हे सांगता येणं, एका मित्राबरोबर आवडीच्या विषयावर अर्धा तास घालवणं. मोजतानाही तेच मोजा.

भेटी संपवायची वेळ आली की ती कॅलेंडरवर बऱ्याच आधी मांडा. दर आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर. तुम्ही सुट्टीवर जाणार असाल तरी तसंच: किती दिवस, परत कोणत्या तारखेला. शेवटच्या दोन-तीन भेटींत मुलाबरोबर एक पान तयार करा: मला काय दुखतं, मला काय आवडतं, मी गप्प झालो तर काय करायचं, माझ्याशी कसं बोलायचं. त्याच्याच शब्दांत, त्याला हव्या त्या भाषेत, चित्रांसह. एक प्रत त्याच्या दप्तरात, एक वर्गशिक्षकांकडे, एक घरी फ्रिजवर, आणि एक पुढे ज्या समुपदेशकाकडे तो जाईल त्याच्यासाठी फाईलच्या पहिल्या पानावर लावा.